रानडुकरासाठी छर्रा की रायफलची गोळी?

मुरबाड तालुक्यातील एका शेतकरी बंधूंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांच्या पश्चात त्यांची १२ बोरची दुनळी बंदूक रीतसर यांच्या नावावर झाली आहे. भात पोटरीला आले की रानडुकरांचे कळप रात्रीतून खाचरेच्या खाचरे लोळवून जातात, आणि त्याबद्दल केलेल्या अर्जावर वन विभागाने त्यांना लेखी परवानगी दिली आहे. गावातील जुनी मंडळी सांगतात की छर्रा पसरतो, त्यामुळे नेम थोडा चुकला तरी जनावर सुटत नाही. ठाण्यातील त्यांचे एक नातलग मात्र सांगतात की डुकराला ३१५ बोरची रायफलच हवी, बाकी सगळा खेळ आहे. कोणाचे ऐकावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी चौतीस वर्षे ठाण्यात परवानाधारक म्हणून बंदुका दुरुस्त करण्याचे काम केले. शहापूर, मुरबाड, वाडा या भागांतल्या पीकसंरक्षणाच्या किती बंदुका या काळात माझ्या टेबलावरून गेल्या याची मोजदाद नाही. त्या अनुभवावरून आधी एवढेच सांगतो की गावकऱ्यांचे म्हणणे डुकराच्या बाबतीत चुकीचे आहे, आणि नातलगांचे म्हणणे तत्त्वतः बरोबर असले तरी आपल्या शेताला ते लागू पडेलच असे नाही.

परवानगीविषयी दोन शब्द आधी लिहितो, कारण हे उत्तर इतरही वाचतील. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. हौसेची शिकार आपल्याकडे कायदेशीर राहिलेली नाही. पिकाचे नुकसान करणाऱ्या जनावराबाबत त्याच कायद्याच्या ११ व्या कलमाखाली सक्षम अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. त्या परवानगीत लिहिलेले जनावर, क्षेत्र आणि मुदत यांच्या बाहेर एकही बार काढता येत नाही. आपल्या हातात तो कागद आहे, म्हणूनच हे उत्तर लिहितो आहे.

आता मूळ मुद्दा. बंदूक आणि रायफल यांतला फरक नळीच्या आतून सुरू होतो. बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते आणि रायफलच्या नळीत पीळदार खाचा असतात. त्या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि फिरता भोवरा जसा तोल सांभाळतो तशी टोक पुढे ठेवून सरळ जाते. छर्रे गोल असतात, सुटे असतात आणि नळीबाहेर पडताच आपापल्या वाटेने जाऊ लागतात. गोल वस्तूला हवेचा अडथळा फार होतो, म्हणून छर्ऱ्याचा वेग पहिल्या काही मीटरांतच झपाट्याने उतरतो.

बारीक छर्रा मुळात कशासाठी आहे, हे समजले की पुढचे सगळे सोपे होते. ६ नंबरचा छर्रा साधारण २.६ मिलिमीटर जाडीचा असतो आणि ३२ ग्रॅमच्या एका काडतुसात असे सुमारे तीनशे दाणे मावतात. उडत्या पक्ष्याचे शरीर लहान, हाडे पोकळ आणि कातडी पातळ. त्याच्यावर चार-पाच दाणे बसले की काम होते, आणि हलत्या लक्ष्याभोवती दाण्यांचा ढग असणे ही तिथे खरी सोय आहे. राज्यवर्धन राठोड यांनी २००४ साली अथेन्सला रौप्यपदक मिळवले ते उडत्या मातीच्या तबकड्यांवर, याच तत्त्वाच्या बंदुकीने. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवले ते ५० मीटरवरच्या स्थिर लक्ष्यावर, रायफलने, आणि त्या लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटरचे असते. या दोन वेगळ्या विद्या आहेत. डुकराच्या बाबतीत गोंधळ होतो तो असा, की पक्ष्यासाठी असलेला गुण लोक डुकरासाठीही गुणच समजतात.

पूर्ण वाढलेल्या नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट, कुर्चेसारख्या थराची ढाल असते. नर एकमेकांशी झुंजतात तेव्हा सुळ्यांचा मार तीच झेलते. तिच्यावर चिखलाचे वाळलेले कवच, राठ केस आणि जाड कातडी. हृदय पुढच्या पायांच्या मध्ये, लोकांना वाटते त्यापेक्षा बरेच खाली असते. एवढे सगळे भेदून तिथपर्यंत पोहोचेल असे काहीतरी लागते, आणि बारीक दाणा तिथपर्यंत पोहोचत नाही.

एकदा शहापूरच्या बाजूला ओढ्यात मेलेला एक नर सापडला होता आणि वनकर्मचाऱ्यांनी छर्रे ओळखण्यासाठी मला तिथे नेले होते. पशुवैद्यकांनी खांद्यावरची कातडी उलटली तेव्हा ढालीच्या वरच्या बाजूला बीबी आकाराचे, म्हणजे साधारण चार मिलिमीटरचे, अकरा दाणे मिळाले. मसुरीच्या डाळीसारखे चपटे झालेले, एकही ढालीच्या पलीकडे गेलेला नाही. पोटात मात्र तीन दाणे शिरले होते, आतडी सडली होती, आणि त्या जनावराला मरायला किमान पाच-सहा दिवस लागले असावेत, असे पशुवैद्यकांनी सांगितले. बार काढणाऱ्याने त्या रात्री "लागला नाही, पळाला" असे समजून झोप घेतली असेल. "छर्रा पसरतो म्हणून जनावर सुटत नाही" हे वाक्य ऐकले की मला तो ओढा आठवतो. जनावर सुटत नाही हे खरे, पण ते शेतात मरतही नाही. अशी जखमी डुक्करे पाणी शोधत वस्तीकडे येतात आणि पहाटे बाहेर निघालेल्या माणसावर चालून जातात.

म्हणून डुकरावर वापरायचेच तर मोठे छर्रे, म्हणजे एलजी किंवा एसजी. एलजीचा दाणा सुमारे ९.१ मिलिमीटरचा, एसजीचा सुमारे ८.४ मिलिमीटरचा, वजन साधारण साडेतीन ग्रॅम, आणि ३२ ग्रॅमच्या काडतुसात एसजीचे नऊ दाणे. इथे एक हिशेब आहे जो शिकलेल्या माणसांनाही फसवतो. नळीच्या तोंडाशी एसजीच्या एका दाण्यात साधारण २५० ज्यूल जोर असतो. नऊ दाण्यांचा मिळून सव्वादोन हजारांच्या वर. ३१५ बोरची गोळी साधारण १६ ग्रॅमची आणि तिचा वेग सेकंदाला ६०० मीटरच्या आसपास, म्हणजे तिचा जोर तीन हजार ज्यूलच्या जवळपास. आकडे पाहून वाटते की फार फरक नाही. पण थेंबे थेंबे तळे साचे हा न्याय इथे चालत नाही. प्रत्येक दाण्याला कातडी, ढाल आणि बरगडी आपल्या एकट्याच्या जोरावर भेदायची असते. शेजारच्या दाण्याचा जोर त्याला उसना मिळत नाही. ४० मीटरवर एसजीच्या एका दाण्यात साधारण तेवढाच जोर उरतो जेवढा पॉइंट टू टू रायफलच्या छोट्या गोळीत नळीच्या तोंडाशी असतो. पॉइंट टू टू घेऊन डुकरापुढे जावे असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही.

रायफलच्या गोळीचे काम वेगळ्या रीतीने होते. मऊ नाकाची गोळी, म्हणजे जिच्या टोकाला शिसे उघडे असते ती, शरीरात शिरताच छत्रीसारखी उमलते आणि आपल्या मूळ जाडीपेक्षा बरीच रुंद वाट पाडत जाते. वेग मोठा असल्याने भोवतालची ऊतीही क्षणभर फाकते आणि फाटते. पूर्ण तांब्याच्या आवरणाची गोळी उमलत नाही, सरळ आरपार जाते. उमलणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत असा करार १८९९ साली हेगला झाला. कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्यावरून त्यांना "डमडम" हे नाव पडले होते. माणसावर ज्या कारणासाठी ती निषिद्ध ठरली, त्याच कारणासाठी जनावरावर ती योग्य ठरते, कारण तिथे जखमी करून सोडणे हे उद्दिष्टच नसते. मृत्यू लवकर यावा एवढेच पाहायचे असते. तरीही "धक्क्याने जाग्यावर कोसळते" ही समजूत सोडून द्यावी. मेंदू किंवा मणक्याला लागल्याशिवाय जनावर जाग्यावर पडत नाही. हृदयातून गोळी गेलेले डुक्करही ५०-१०० मीटर धावू शकते, कारण मेंदूतला प्राणवायू संपेपर्यंत पाय चालतात.

म्हणजे भेदकतेत आणि अचूकतेत रायफल निर्विवाद सरस आहे. तरी आपण ती घेऊ नये, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण गोळी चुकल्यावर ती कुठे जाते हे आहे.

फ्रेंच अधिकारी जुर्ने याने छर्ऱ्याच्या पल्ल्याचा एक ठोकताळा घालून दिला आहे: छर्ऱ्याची जाडी इंचात घेऊन तिला २२०० ने गुणले की तो जास्तीत जास्त किती यार्ड जाईल ते कळते. त्या हिशेबाने ६ नंबरचा दाणा सुमारे २०० मीटरवर संपतो आणि एसजी सुमारे ६५० मीटरवर. पॉइंट टू टू ची गोळी दीड किलोमीटर जाते. मोठ्या रायफलची गोळी तीन किलोमीटर किंवा त्याहून जास्त. आपल्या मुरबाड-शहापूर पट्ट्यात तीन किलोमीटरच्या परिघात किती पाडे, किती वीटभट्ट्या, किती राखणीच्या झोपड्या येतात, हे आपणच मोजून पाहावे. विदर्भातल्या उघड्या माळावरचा सल्ला इथे आणून चालत नाही.

त्यातही आपल्या जमिनीचा एक खास धोका आहे, तो फारसे कोणी सांगत नाही. भाताच्या खाचरात पाणी उभे असताना सपाट कोनात मारलेली गोळी पाण्यावरून उसळते, अगदी आपण लहानपणी तळ्यावर चपटा दगड भाकरीसारखा मारायचो तशी. काळ्या पाषाणाच्या बांधावरूनही उसळते. उसळलेल्या गोळीची दिशा कोणीच सांगू शकत नाही. शिसाचे गोल छर्रेही उसळतात, पण त्यांचा पल्ला थोडा असल्याने धोका तेवढ्या अंतरातच राहतो. कारवी, बांबू किंवा करवंदीच्या जाळीतून मारलेली गोळी काटकीला लागून वाट बदलते. जड गोळी झुडूप कापत सरळ जाते हा जुन्या शिकाऱ्यांचा विश्वास मी स्वतः कागदावर तपासून पाहिला आणि तो खरा नाही.

यावर उपाय एकच, मचाण. जमिनीपासून दहा-बारा फूट उंचीवरून, आपल्याच खाचराच्या कडेने, खाली मारलेला बार चिखलात जिरतो. चिखलासारखा चांगला आडोसा नाही. पण मचाणावरून अंतर आपोआप वीस-पंचवीस मीटरच होते, आणि एवढ्या अंतरासाठी रायफलची गरजच उरत नाही. म्हणूनच म्हणतो की आपली दुनळी पुरेशी आहे. शिवाय रायफलसाठी परवान्यात वेगळी नोंद करून घ्यावी लागेल. शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच शस्त्रे ठेवता येतात हेही लक्षात असू द्या.

मात्र दुनळी पुरेशी आहे हे सांगताना एक अट घालतो. कागदावर चाचणी घेतल्याशिवाय ती शेतात नेऊ नये. दुनळीच्या दोन नळ्या सारख्या नसतात. बहुतेक बंदुकांत उजवी नळी तोंडाशी मोकळी आणि डावी चोक केलेली, म्हणजे तोंडाशी किंचित आवळलेली असते; पुढचा चाप उजवीचा, मागचा डावीचा. बारीक छर्ऱ्यांसाठी पूर्ण चोकची नळी ४० यार्डावर ३० इंची वर्तुळात साधारण ७० टक्के दाणे ठेवते आणि मोकळी नळी सुमारे ४० टक्के. मोठ्या छर्ऱ्यांना हा हिशेब जसाच्या तसा लागत नाही. पूर्ण चोकमध्ये ते एकमेकांवर घासून वाकडे होतात आणि कधीकधी मोकळ्या नळीपेक्षा जास्त भटकतात. कोणत्या बंदुकीला काय मानवते ते त्या बंदुकीलाच विचारावे लागते.

मी हे कसे करतो ते सांगतो. परवानगी असलेल्या मैदानात लाकडी चौकटीवर चार फुटी खाकी कागद ताणून लावायचा आणि मध्ये जेवणाचे ताट ठेवून कोळशाने वर्तुळ काढायचे, कारण डुकराच्या छातीतली मर्माची जागा साधारण ताटाएवढीच असते. मग २०, ३० आणि ४० मीटरवरून एकेक बार, प्रत्येक वेळी नवा कागद. अलीकडे एका दुनळीच्या उजव्या नळीतून एसजी मारून पाहिले. २० मीटरवर नऊपैकी सहा दाणे वर्तुळात होते, ३० मीटरवर तीन, आणि ४० मीटरवर एक, तोही कडेला. उरलेले आठ दाणे कुठे गेले असते? पोटात, मागच्या पायात, जबड्यात. जबडा फुटलेले डुक्कर उपाशी मरते. हे तीन कागद शेजारी शेजारी ठेवले तेव्हा बंदुकीचे मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. छर्ऱ्याचे पसरणे म्हणजे काय, हे त्यांना कागदाने दाखवले.

आपल्या बंदुकीच्या कागदावर ज्या अंतरापर्यंत निदान पाच दाणे ताटात राहतात, ते आपले शेवटचे अंतर. बहुतेक बंदुकांचे ते २५ मीटरच्या आतच येते. मचाणावर बसण्याआधी दिवसाउजेडी ते अंतर पावलांनी मोजून बांधावर पांढऱ्या चिंधीची काठी रोवून ठेवावी आणि काठीपलीकडच्या जनावरावर, कितीही मोठा एकुलगा, म्हणजे कळपाबाहेर एकटा फिरणारा नर, असला तरी, चाप ओढू नये.

एक मधला मार्गही आहे. १२ बोरमध्ये एकाच मोठ्या शिशाच्या गोळीचे काडतूस येते, त्याला स्लग म्हणतात. तिचे वजन छर्ऱ्याच्या पूर्ण भाराएवढे असते, ढाल आणि हाड ती सहज भेदते, आणि ५० मीटरच्या आत तिच्यावर भरवसा ठेवता येतो. मिळाल्यास माझी पहिली पसंती तिलाच राहील. परंतु बंदुकीला फक्त पुढची माशी असते, रायफलसारखी मागची खाच नसते, त्यामुळे गाल दस्त्यावर थोडा वर-खाली झाला तरी गोळी वीतभर सरकते. तिचीही कागदावर चाचणी हवी. नळीत घट्ट बसणारी गोल गोळी चोक असलेल्या नळीतून कधीही काढू नये, नळी फुटू शकते. छर्ऱ्याचे काडतूस कापून किंवा त्यात मेण ओतून घरी गोळी बनवण्याची खोड काही गावांत आहे. त्यामुळे तोंडाशी फुगलेल्या दोन नळ्या माझ्याकडे आलेल्या आहेत, आणि त्यातल्या एका मालकाच्या डाव्या हाताची दोन बोटे गेलेली होती.

ठासणीच्या बंदुकीबद्दल काहींना विचारायचे असेल. ती आवाज करून कळप पळवण्यासाठी ठीक आहे, मारण्यासाठी नाही. एअरगनबद्दल तर बोलायलाच नको.

आता आपल्या बंदुकीविषयी. वडिलांच्या काळातली इंग्रजी बनावटीची असेल तर तिची चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसते ती जागा, ६५ मिलिमीटरची असण्याची दाट शक्यता आहे. आजची बरीच काडतुसे ७० मिलिमीटरची असतात, आणि ती त्या चेंबरमध्ये बसतात हाच धोका आहे. बार उडाल्यावर काडतुसाचे दुमडलेले तोंड उलगडायला पुढे जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. नळीच्या खालच्या बाजूला शिक्के असतात, त्यावरून चेंबरची लांबी कळते. नाहीतर कोणताही दुरुस्ती करणारा पाच मिनिटांत मोजून देईल. नळीवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसत असेल तर ती दमास्कस पद्धतीची नळी आहे. ती भिंतीवर ठेवावी, तिच्यातून आजचे काडतूस उडवू नये. नळ्या बंद केल्यावर मागच्या ठोकळ्याशी फट दिसते का तेही उजेडात धरून पाहावे. जिम कॉर्बेट यांनी १९०७ साली चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचा पाठलाग केला तेव्हा रायफलची काडतुसे संपल्यावर त्यांनी तहसीलदारांची जुनी बंदूक मागून घेतली होती आणि तिला अशीच फट होती. अगदी जवळून मारलेली तिची गोळी वाघिणीच्या पंजाला लागली. वाघीण गेली ती आधी लागलेल्या रायफलच्या गोळ्यांनी. तो कॉर्बेट होता. आपल्यासारख्यांनी मागून आणलेल्या किंवा न तपासलेल्या बंदुकीवर रात्र काढू नये.

बार काढल्यानंतरचे थोडे. जनावर पडलेले दिसले नाही तर लगेच खाली उतरू नये. अर्धा तास तरी थांबावे, आणि शक्य असेल तर उजाडेपर्यंत. उजाडल्यावर बार लागला त्या जागी रक्त पाहावे. लालभडक आणि फेसाळ असेल तर फुप्फुसाला लागले आहे, जनावर जवळच असेल. काळसर असेल तर यकृताला. रक्तात हिरवट घाण आणि आंबूस वास असेल तर पोटाला लागले आहे, आणि तेव्हा एकट्याने जाळीत शिरायचे नाही, वनपालांना कळवायचे. मेलेले जनावर सरकारी मालमत्ता असते, त्यामुळे तेही कळवायचेच.

शिशाबद्दल एक गोष्ट सांगायची राहते. ठाणे खाडीचा फ्लेमिंगोंचा पट्टा २०१५ पासून अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही. तिथे बार काढण्याचा प्रश्नच येत नाही. पण पाणथळ जागेत पडलेला शिशाचा दाणा पक्षी खडा समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात, म्हणून अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी शिशाचा छर्रा १९९१ सालीच बंद केला. आपले खाचरही चार महिने पाणथळच असते, बगळे त्याच चिखलात चरतात. नऊ दाण्यांचे काडतूस आणि तीनशे दाण्यांचे काडतूस यांत निवड करताना हेही मोजावे.

चाचणीचे कागद फेकू नयेत. प्रत्येकावर कोणती नळी, कोणते काडतूस, पेटीवरचा लॉट क्रमांक आणि अंतर लिहून ते परवान्याच्या फाइलमध्ये ठेवावेत. पुढच्या भाताला दुसऱ्या लॉटची काडतुसे मिळाली तर तीन बार खर्ची घालून पुन्हा कागद लावावा. एक कागद ठाण्याला येताना सोबत आणलात तर मी पाहून देईन.